बोलणारी भिंत: दोन फिल्टर एकसर जोडावेत की समांतर?

प्रकरण एका प्रायोगिक एकांकिकेतलं आहे. नाटकात घराची भिंत बोलते. शब्द एकही नाही. एक लांब ‘आ’ सुरू होतो आणि दीड मिनिटात सरकत सरकत ‘ई’ होतो. तेवढ्या वेळात रंगमंचावर एक बाई घर आवरत असते. दिग्दर्शिकेची अट एवढीच होती, की माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज वापरायचा नाही, पण कुणीतरी तोंड उघडलंय हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे.

म्हणजे काम सिंथेसायझरचं. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या मित्राने सर्ज एक्सटी घेतला. हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो, त्याचा कोड २०१८ पासून खुला आहे आणि त्यात दोन फिल्टर आहेत. ते एकमेकांना कसे जोडायचे हे एका ठिकाणी निवडता येतं: एकसर (एकामागे एक), समांतर (दोघांना मूळ आवाज वेगवेगळा देऊन शेवटी बेरीज), एक डावीकडे आणि एक उजवीकडे, शिवाय आणखी काही प्रकार. त्याने मला पॅच, म्हणजे सिंथची केलेली जुळणी, पाठवला तेव्हा सोबतचा निरोप असा होता: “‘आ’ येतो. मलूल येतो, पण येतो. ‘ई’कडे जाताना आवाजच गायब होतो. कॉम्प्रेसर लावला तर ‘आ’ चिरडतो आणि ‘ई’ तरीही पुढे येत नाही.”

(कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन.) पॅच साधा होता. काळी एकच्या सुरावर, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झवर, एक सॉ वेव्ह, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर. तिच्यापुढे दोन बँड-पास फिल्टर, म्हणजे ठरलेल्या वारंवारितेभोवतीचा पट्टाच सोडणारे, एकामागे एक. पहिला ७०० वरून २८० हर्ट्झवर उतरतो, दुसरा ११०० वरून २२५० वर चढतो. बस.

आकडे बरोबर होते. स्वर ओळखू येतो तो घशातल्या सुरावरून नव्हे, तर तोंडाच्या पोकळीने उचलून धरलेल्या वारंवारितांच्या पट्ट्यांवरून. या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. सूर तोच ठेवून ‘आ’चा ‘ई’ करून बघा. गळ्यात काही बदलत नाही, फक्त जीभ आणि जबडा हलतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ लोकांचे स्वर मोजून १९५२ मध्ये जे तक्ते छापले ते आजही हाताशी ठेवण्यासारखे आहेत. त्यात पुरुषांच्या ‘आ’सारख्या स्वराचे पहिले तीन फॉर्मंट सरासरी ७३०, १०९० आणि २४४० हर्ट्झ, तर ‘ई’चे २७०, २२९० आणि ३०१०. हे अमेरिकी इंग्रजीचे आकडे. आपल्या ‘आ’साठी मित्राने ते कानाने जरा हलवून घेतले होते आणि ते ठीकच होतं. स्वर कोणता हे कळायला पहिले दोन फॉर्मंट बहुतेक वेळा पुरतात, त्यामुळे दोन फिल्टरांचा सिंथ निवडण्यातही चूक नव्हती. गडबड जोडणीत होती.

एकसर जोडणीत ‘ई’ कुठे गेला

एकसर जोडणीत दुसऱ्या फिल्टरला मूळ सॉ वेव्ह दिसतच नाही. पहिल्याने जे सोडलं तेवढंच त्याच्या वाट्याला येतं. गणितात हा गुणाकार आहे. एखाद्या वारंवारितेला पहिला फिल्टर दशांश करत असेल आणि दुसराही दशांश करत असेल, तर बाहेर शंभरावा भाग येतो. डेसिबलमध्ये गुणाकाराची बेरीज होते, म्हणून हिशोब सोपा पडतो.

पुस्तकी दोन-पोली, म्हणजे सगळ्यात साधा, बँड-पास घेऊ आणि त्याचा क्यू ८ धरू. क्यू म्हणजे शिखराची वारंवारिता भागिले शिखराची रुंदी. ७०० हर्ट्झला क्यू ८ म्हणजे जवळपास ८८ हर्ट्झ रुंद शिखर. माणसाच्या पहिल्या फॉर्मंटची रुंदी साधारण याच घरातली असते. सर्जमध्ये शिखर किती टोकदार हे ठरवणाऱ्या रेझोनन्सच्या पट्टीवर क्यूचा आकडा लिहिलेला नसतो आणि तिथले फिल्टर पुस्तकापासून थोडे हटतात, पण कल कळायला एवढं पुरेसं आहे.

‘आ’च्या वेळी ७०० हर्ट्झवर पहिला फिल्टर काहीच कापत नाही. दुसरा मात्र ११०० वर बसलेला असल्यामुळे ७०० ला १७.६ डेसिबल खाली ढकलतो. ११०० वर नेमकं उलट घडतं: दुसरा मोकळा, पहिला १७.६ ने कापतो. म्हणजे दोन्ही शिखरं आहेत, दोन्ही सारखीच दबलेली आहेत, आणि मधली दरी २३ डेसिबल खाली आहे. शिखर आणि दरी यांत साडेपाच डेसिबलचा फरक उरतो. मलूल ‘आ’ तो हाच.

आता ‘ई’. एक फिल्टर २८० वर, दुसरा २२५० वर, मध्ये तीन सप्तकांचं अंतर. दुसरा फिल्टर २८० हर्ट्झला ३६ डेसिबल खाली लोटतो आणि पहिला २२५० ला तेवढाच. मधल्या दरीचं तर नावच नको, ती ५२ डेसिबल खाली आहे. म्हणजे ‘आ’ आणि ‘ई’ यांच्या शिखरांत निव्वळ फिल्टरांमुळे १८ डेसिबलहून जास्त फरक पडला. सुरात बदल नाही, व्हॉल्यूमला हात लावलेला नाही; दोन कटऑफ, म्हणजे फिल्टरांना नेमून दिलेल्या वारंवारिता, एकमेकांपासून दूर सरकले म्हणून आवाज विझला. हे कॉम्प्रेसरने भरून काढायचं तर तो दीड मिनिट फिल्टरांशीच भांडत बसणार.

एकसर जोडणी वाईट असते असा याचा अर्थ कुणी काढू नये. कातरायचं काम असेल तिथे तिच्यासारखी जोडणी नाही. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये आधी हाय-पास आणि मग लो-पास असा एकसर जोड आहे. एक खालून कापतो, दुसरा वरून, मध्ये हवा तेवढा पट्टा उरतो. हाय-पासचा कटऑफ लो-पासच्या वर नेला की तिथेही आवाज बसतो, पण तिथे तशीच अपेक्षा असते. मूगच्या मोठ्या मॉड्युलर यंत्रांत ९०४ ए हा लो-पास आणि ९०४ बी हा हाय-पास यांना बांधणारा ९०४ सी नावाचा वेगळा जोडक होता. तो एका बाजूला लावला की दोन्ही फिल्टर मिळून बँड-पास होत, दुसऱ्या बाजूला लावला की मधला पट्टा गाळणारा फिल्टर तयार होई. तेच दोन फिल्टर, तीच बटणं. गुणाकार केला की दोघांना मान्य असेल तेवढंच उरतं. बेरीज केली की दोघांपैकी कुणा एकालाही चालणारं सगळं जातं.

भिंतीला हवी होती बेरीज. तिला एका वेळी दोन दूरच्या जागी शिखरं पाहिजेत आणि एका शिखराने दुसऱ्याला अडवायला नको.

समांतर केल्यावर

मित्राने जोडणी बदलली. ‘ई’ तत्काळ आला. आला म्हणजे असा, की हेडफोनवर ऐकताना ओठ ताणले गेल्याचा भास व्हावा.

इथे एक गोष्ट फारशी न ठरवता जमून आली होती, तिचं कारण सांगितलं पाहिजे. समांतर जोडणीत दोन्ही शिखरं सारख्या उंचीची असतात, पण माणसाच्या स्वरात ती तशी नसतात. पीटरसन-बार्नींच्या तक्त्यात ‘आ’चा दुसरा फॉर्मंट पहिल्यापेक्षा ४ डेसिबल खाली आहे आणि ‘ई’चा तब्बल २० डेसिबल खाली. मग सारख्या उंचीची शिखरं लावून ‘ई’ खरा का वाटला? कारण सॉ वेव्ह स्वतःच दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरते. ७०० पासून ११०० पर्यंत दोन तृतीयांश सप्तक, म्हणजे ३.९ डेसिबलचा उतार. २८० पासून २२५० पर्यंत तीन सप्तकं, म्हणजे १८. तक्त्यातल्या ४ आणि २० ला हे जवळजवळ जाऊन भिडतं. यात जादू काही नाही. गळ्यातून निघणारा आवाज ढोबळमानाने सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो आणि ओठांतून बाहेर पडताना ६ डेसिबल परत मिळवतो. उरतो तो ६ चाच उतार. मित्राने स्क्वेअर वेव्ह घेतली असती तर सम क्रमांकाचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या सम पटीतल्या वारंवारिता, गेले असते, आणि २८० च्या पोटाशी असलेला दुसरा हार्मोनिक नेमका त्यांतलाच.

काळी एक हा सूरही नशिबाने छान पडला होता. १३८.६ चा दुसरा हार्मोनिक २७७, पाचवा ६९३, आठवा ११०९ आणि सोळावा २२१८. चारही आकडे फॉर्मंटांच्या अगदी जवळचे. या योगायोगाकडे पुढे पुन्हा यावं लागलं.

मित्राने मग सर्जमधली ‘स्टिरिओ’ जोडणी निवडली. तिच्यात दोन्ही फिल्टर समांतरच चालतात, पण एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. हेडफोनवर हे फार देखणं वाटतं: एका कानात गुरगुर, दुसऱ्यात शीळ, आणि डोक्याच्या मध्यभागी स्वर. ब्रॉडबेंट आणि लॅडेफोगेड यांनी १९५७ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं, की एक फॉर्मंट एका कानाला आणि दुसरा दुसऱ्या कानाला दिला तरी दोघांचा मूळ सूर एकच असला तर माणसाला एकच आवाज ऐकू येतो. मेंदू सुरावरून ठरवतो की हे एकाच तोंडातलं आहे. दिग्दर्शिकेला हेडफोनवर तो आवाज आवडला आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

रंगीत तालमीला भिंत बोलली तेव्हा दिग्दर्शिका म्हणाली, “हे तर नळातून वारा आल्यासारखं वाटतंय. ‘आ’ कुठाय?”

‘ई’ ठीक होता. बिघडला होता ‘आ’, जो आतापर्यंत कधीच अडला नव्हता.

बेरजेला चिन्ह असतं

सभागृहात दोन्ही बाजूंना स्पीकर होते, पण मिक्सरमधून दोघांना एकच सिग्नल जात होता. लहान सभागृहांत हे सर्रास असतं आणि त्यात वावगंही काही नाही, कडेला बसलेल्याला अर्धं नाटक ऐकू येण्यापेक्षा ते बरं. पण त्यामुळे हेडफोनवर डावीकडे आणि उजवीकडे राहिलेले दोन फिल्टर मिक्सरमध्ये पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने एकमेकांत मिळवले गेले.

बँड-पास फिल्टर फक्त उंची बदलत नाही, लहरीची वेळही हलवतो. स्वतःच्या शिखरावर तो तिला जागेवर ठेवतो. शिखराच्या वरच्या वारंवारिता तो मागे टाकतो, खालच्या पुढे काढतो. शिखरापासून दूर गेलं की हा फरक पाव आवर्तनापर्यंत पोचतो. आता ७०० आणि ११०० यांच्या मध्ये, समजा ८७७ हर्ट्झवर, उभे राहा. ही जागा पहिल्या फिल्टरच्या वर आहे, म्हणून तो लहरीला मागे टाकतोय. दुसऱ्याच्या ती खाली आहे, म्हणून तो पुढे काढतोय. क्यू ८ ला हे मागे-पुढे प्रत्येकी ७५ अंशांचं भरतं. दोघांत १५० अंशांचं अंतर पडलं. १८० ला पूर्ण विरोध होतो, म्हणजे इथे दोघं जवळजवळ एकमेकांना खोडत आहेत.

आकड्यांत मांडायचं तर त्या जागी प्रत्येक फिल्टर एकटा ११.५ डेसिबल खाली आहे. वेगवेगळ्या कानांत ऐकलं तर दोघांची शक्ती मिळून साडेआठ डेसिबलची दरी लागते. सरळ बेरीज केली तर ती १७ डेसिबलची होते. आणि एका फिल्टरचा सिग्नल उलटा करून, म्हणजे उणे एकने गुणून मिळवला, तर दरी ६ डेसिबलपेक्षाही उथळ राहते. ‘आ’ भरदार वाटतो तो दोन जवळच्या शिखरांच्या मधल्या भरावामुळे. तो भराव सभागृहात निघून गेला आणि राहिली दोन सुटी शिखरं.

‘ई’ला का लागलं नाही? कारण त्याची शिखरं इतकी दूर आहेत की मधली दरी तशीही खोल असते. सरळ बेरजेत ४६ डेसिबल, उलट्या बेरजेत २०. कागदावर हा फरक ‘आ’पेक्षाही मोठा दिसतो, पण ज्या प्रदेशात माणसाच्या ‘ई’तही फारसं काही नसतं, तिथलं थोडं कमी-जास्त कानाला खुपत नाही.

हे सगळं कुणी पुन्हा शोधून काढण्याची गरज नव्हती. सिंथवाल्यांच्या आधी बोलणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी याच प्रश्नावर बरीच वर्षं डोकं घातलं होतं. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉल्टर लॉरेन्स यांनी पॅट नावाचं यंत्र दाखवलं, त्यात फॉर्मंट उचलणारे फिल्टर, म्हणजे रेझोनेटर, समांतर जोडले होते. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये गुन्नार फांट यांचं ओव्हे आलं, त्यात ते एकसर होते. फांट यांची बाजू अशी, की माणसाच्या कंठापासून ओठापर्यंत नळी एकच आहे, आवाज एकामागून एक सगळ्या अनुनादांतून जातो, म्हणून यंत्रातही तसंच हवं. त्यात शिखरांच्या उंच्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत, वारंवारिता दिल्या की उंच्या आपोआप ठरतात. समांतर मार्गात प्रत्येक फॉर्मंटची उंची हाताने द्यावी लागते, पण हवी तशी देताही येते. पुढे एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांनी १९८० मध्ये दोन्ही मार्ग एकाच सिंथेसायझरमध्ये ठेवले: स्वरांसाठी एकसर, ‘स’सारख्या घर्षणाच्या ध्वनींसाठी समांतर. स्टीफन हॉकिंग यांचा ओळखीचा यांत्रिक आवाज क्लॅट यांच्याच कामातून निघाला. आणि क्लॅट यांच्या समांतर शाखेत लगतच्या फॉर्मंटांची चिन्हं आलटून पालटून घेतली आहेत: अधिक, उणे, अधिक. एकसर जोडणीचं गणित बेरजेच्या रूपात उलगडलं की ही चिन्हं त्यातून स्वतःहून बाहेर पडतात, ती कुणाच्या आवडीवर नसतात.

मित्राने हे वाचून विचारलेला प्रश्न रास्त होता. फांट यांचं म्हणणं खरं असेल, स्वर जर मुळात एकसरच घडत असेल, तर आपली एकसर जोडणी का फसली?

दोन कारणं आहेत, आणि मला या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं इथेच सापडलं. पहिलं कारण म्हणजे फांट यांचे रेझोनेटर बँड-पास नव्हते. ते रेझोनन्स असलेल्या लो-पाससारखे होते: खालचं सगळं जसंच्या तसं सोडणारे, शिखरावर उचलणारे आणि फक्त वरचं कापणारे. असे दोन एकामागे एक लावले की दुसरा पहिल्याचं शिखर खाली ढकलत नाही. आम्ही सर्जमध्ये दोन्ही फिल्टर सप्तकाला १२ डेसिबल कापणारे लो-पास करून बघितले. पहिलं शिखर ‘आ’त आणि ‘ई’त जवळपास सारखंच राहतं, हिशोबाने चारेक डेसिबलचा फरक. आवाज विझण्याची तक्रार इथल्या इथे मिटते.

पण दुसरं कारण दोन फिल्टरांच्या वाद्यावर कायमचं आडवं येतं. ‘ई’त २८० वरचा लो-पास २२५० ला ३६ डेसिबल कापतो, वर सॉ वेव्हचा १८ चा उतार. एकूण ५४ डेसिबल. माणसाच्या ‘ई’त हा फरक २० च्या आसपास असतो. उरलेलं बरंचसं भरून येतं ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फॉर्मंटांच्या पायथ्यांमुळे. ते प्रत्येक जण आपल्या खालच्या भागाला थोडं थोडं वर उचलतात. फांट यांची आपोआप ठरणारी उंची खरी आहे, पण आगगाडीचे सगळे डबे लागलेले असतील तरच. दोन डब्यांवर ती चालत नाही. आमचा लो-पास ‘ई’ रजई पांघरून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

म्हणून माझं मत असं झालं: पाच-सहा फिल्टर असतील आणि माणसासारखा स्वर हवा असेल तर रेझोनन्सचे लो-पास एकसर लावा. दोनच असतील तर बँड-पास समांतर लावा आणि चिन्ह तपासा. बँड-पास एकसर मात्र स्वरासाठी कधीच नको. सिंथच्या मंडळींत ‘समांतर म्हणजे जाड आवाज, एकसर म्हणजे पातळ’ असं एक सुटसुटीत वाक्य फिरतं. फिल्टर कोणता हे न सांगता म्हटलेलं ते वाक्य निरुपयोगी आहे.

दुरुस्ती

त्या पॅचमध्ये एकाच फिल्टरचं चिन्ह उलटण्याची सोय हाताशी नव्हती. मार्ग सोपा निघाला. सॉ वेव्हची एकच ऑडिओ फाइल रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅकवर ठेवली, एका ट्रॅकवर पहिल्या फॉर्मंटचा फिल्टर, दुसऱ्यावर दुसऱ्याचा, आणि दुसऱ्या ट्रॅकचं पोलॅरिटीचं, म्हणजे चिन्ह उलटवणारं, बटण दाबलं. फाइल एकच असणं महत्त्वाचं होतं. दोन वेगळे ऑसिलेटर किंचित जरी बेसूर केले, तर त्यांच्यातला फेज, म्हणजे लहरींचं मागे-पुढे असणं, सतत फिरत राहतो आणि चिन्हाचा सगळा हिशोब वाहून जातो. दोन्ही ट्रॅक मध्यभागी. मोनोत ऐकलं. ‘आ’ परत आला.

तिसऱ्या ट्रॅकवर तिसरा फॉर्मंट घातला, २४४० पासून ३००० कडे सरकणारा, सरळ चिन्हाचा. इथे मात्र समांतर जोडणीने आपली किंमत वसूल केली. पहिल्या दोघांना सॉ वेव्हच्या उताराने सांभाळून घेतलं होतं, तिसऱ्याला तसं काही नव्हतं. तक्त्याप्रमाणे ‘आ’त तो पहिल्याच्या २७ डेसिबल खाली हवा. सॉ वेव्ह त्याला ११ पर्यंतच उतरवते, म्हणजे फेडर (ट्रॅकच्या आवाजाची पट्टी) आणखी १६ खाली. ‘ई’त सॉ वेव्ह जवळपास २१ पर्यंत नेते आणि हवे असतात २४, म्हणजे फेडर फक्त ३ खाली. दीड मिनिटात फेडर १३ डेसिबल चढत जातो. ती रेघ हाताने काढली आणि मग कानाने दोनदा मोडली.

दिग्दर्शिकेला त्यात थोडा खरखरीतपणा हवा होता. डिस्टॉर्शन, म्हणजे लहर मुद्दाम बिघडवून खरखर आणणारं साधन, कुठे लावायचं यावर थोडा वेळ गेला. निव्वळ फिल्टर एकसर असतील तर त्यांचा क्रम बदलून काहीच फरक पडत नाही, गुणाकाराला क्रम नसतो. मध्ये डिस्टॉर्शन आलं की क्रम लागू होतो. समांतर जोडणीत ते बेरजेनंतर लावलं तर दऱ्या भरून येतात आणि फॉर्मंट एकमेकांत मिसळतात. ‘ई’ अर्धा ‘ए’ होतो. म्हणून ते फक्त पहिल्या फॉर्मंटच्या ट्रॅकवर, अगदी हलकं लावलं. दुसरा आणि तिसरा स्वच्छ ठेवले, स्वराची बरीचशी ओळख तिथे आहे.

नंतर नवी मागणी आली. घर आवरणारी बाई शेवटी भिंतीबरोबर गुणगुणते, आणि त्या अभिनेत्रीचा सूर काळी पाच. भिंतही काळी पाचला हवी, म्हणजे २३३ हर्ट्झला.

फाइल बदलली, बाकी काही हलवलं नाही. ‘आ’ जसाच्या तसा राहिला, कारण २३३ चा तिसरा हार्मोनिक ६९९ आहे, ७०० च्या शिखरावर नेमका बसणारा. पाचवा ११६५, म्हणजे ११०० च्या शिखरावरून २.७ डेसिबल घसरलेला, चालण्यासारखा. ‘ई’चं वरचं शिखरही टिकलं, दहावा हार्मोनिक २३३१ वर येतो. पण ‘ई’चं खालचं शिखर २८० ला आणि जवळचे हार्मोनिक २३३ व ४६६. शिखराखाली काही नाहीच. २३३ ला १० डेसिबलचा फटका, ४६६ ला १९ चा. स्वर पुन्हा पातळ झाला, आणि या वेळी जोडणीचा काही दोष नव्हता. वरच्या सुरात हार्मोनिक विरळ होतात, त्यामुळे अरुंद फिल्टर रिकाम्या जागी उभा राहू शकतो.

बायकांच्या ‘ई’चा सरासरी पहिला फॉर्मंट ३१० आहे म्हणून मित्र तो वर न्यायला निघाला होता. तसं केलं असतं तर २३३ पासून अंतर आणखी वाढलं असतं. शेवटी पहिल्या फिल्टरचा मुक्काम २८० ऐवजी २३५ वर ठेवला आणि त्या टोकाला क्यू ८ वरून ५ वर उतरवला, म्हणजे उतरताना मध्ये कुठे खड्डा लागला तरी फार खोल लागणार नाही. सूर पुन्हा बदलला तर हे दोन आकडे पुन्हा लावावे लागतील, असं त्याने प्रयोगाच्या क्यू-शीटवर, म्हणजे ध्वनीच्या इशाऱ्यांच्या यादीत, लिहून ठेवलंय.